बीपीची गोळी कॅल्शियमचं दार अडवते, मग पोटॅशियमच्या दाराचं काय?



आपल्या गावात आता अनेक घरांत फडताळात किंवा देवघराशेजारी बीपीच्या गोळ्यांचं पाकीट असतं. बऱ्याच वेळा त्यावर 'अ‍ॅम्लोडिपिन' असं नाव असतं. २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांत रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. तेव्हापासून ही गोळी सरकारी दवाखान्यातही सहज मिळू लागली आहे. आजीला रोज गोळी घेताना मुलं पाहतात आणि शाळेत येऊन प्रश्न विचारतात. आमच्या भागातली मुलं साधारण असं विचारतात : "मॅडम, कॅल्शियम हाडासाठी लागते म्हन्ता, मंग त्याले अडवनारी गोळी काहून देतेत?"

प्रश्न एकदम रास्त आहे. आणि पुढचा प्रश्न त्याहून अवघड आहे. जी गोळी कॅल्शियमचं दार अडवते, ती शेजारच्या पोटॅशियमच्या दाराला हात लावते का? लावत असेल तर काय होतं? या लेखात आपण ते पाहू. मी प्राथमिकची शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे हा लेख समजून घेण्यासाठी आहे, औषध ठरवण्यासाठी नाही, हे आधीच सांगते.

आधी पेशीची दारं समजून घेऊ

आपली प्रत्येक पेशी एका पातळ पडद्याने वेढलेली असते. या पडद्यातून क्षारांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सहज आरपार जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पडद्यात प्रथिनांची बनलेली खास दारं असतात. त्यांना चॅनल म्हणतात. सोडियमचं दार वेगळं, कॅल्शियमचं वेगळं, पोटॅशियमचं वेगळं. पोटॅशियमचीसुद्धा एकच नाही, अनेक प्रकारची दारं असतात.

आता आत-बाहेरचा फरक बघा. पोटॅशियम पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा सुमारे ३५ पट जास्त असतं. कॅल्शियमचं उलट आहे. मोकळं कॅल्शियम आतल्यापेक्षा बाहेर सुमारे दहा हजार पट जास्त असतं. म्हणून दार उघडलं की कॅल्शियम आत धावतं आणि पोटॅशियम बाहेर. धरणाचं गेट उघडल्यावर पाणी कुठे जाईल हे सांगावं लागत नाही, तसंच हे. विद्युतभार असलेले कण असे सरकले की जो प्रवाह तयार होतो, तीच हृदयाची वीज. ईसीजीच्या कागदावर जी रेघ उमटते ती याच विजेची बेरीज असते.

कॅल्शियमचं महत्त्व नळाच्या पाण्याने सांगितलं

ही गोष्ट मुलांना फार आवडते. १८८२-८३ च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करत होते. हृदय बराच वेळ छान धडधडत राहायचं. नंतर त्यांच्या लक्षात आलं की द्रावण शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्यात न करता साध्या नळाच्या पाण्यात केलं गेलं होतं. शुद्ध पाणी वापरलं तर हृदयाचं आकुंचन लवकरच मंदावून थांबायचं. नळाच्या पाण्यात असं काय होतं? कॅल्शियम! आपल्याकडे बोअरच्या पाण्याने भांड्यावर पांढरा थर बसतो, त्यातही मुख्यतः कॅल्शियमचेच क्षार असतात.

म्हणजे कॅल्शियम फक्त हाडांसाठी नाही. हृदयाच्या पेशीत थोडंसं कॅल्शियम शिरलं की पेशीच्या आतल्या साठ्यातून आणखी कॅल्शियम सुटतं आणि स्नायू आवळतो. ठोका पडतो तो त्यामुळे.

एका ठोक्यात काय काय घडतं?

खालच्या कप्प्यातली, म्हणजे जवनिकेतली, एक पेशी घेऊ. क्रम असा :

१. आधी पेशी आराम करत असते. बाहेरच्या तुलनेत आत सुमारे ८५ ते ९० मिलिव्होल्ट ऋण भार असतो.

२. इशारा येतो. सोडियमची दारं झटक्यात उघडतात, सोडियम आत येतं आणि आतली बाजू धन होते.

३. पोटॅशियमची एक चपळ दारं क्षणभर उघडून मिटतात. त्या वेळी थोडं पोटॅशियम बाहेर जातं.

४. कॅल्शियमची दारं उघडी राहतात आणि कॅल्शियम आत येत राहतं. त्याच वेळी थोडं थोडं पोटॅशियम बाहेर जातं. दोन्ही बाजू जवळपास बरोबरीत असल्याने विजेची रेघ काही काळ सपाट राहते.

५. शेवटी कॅल्शियमची दारं मिटतात, पोटॅशियमची जास्त उघडतात. पोटॅशियम बाहेर गेल्यामुळे पेशी पुन्हा आरामाच्या स्थितीत येते.

हे सगळं साधारण पाव ते तीन दशांश सेकंदात उरकतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला ७२ × ६० × २४ = १,०३,६८० वेळा. हा गुणाकार वर्गात मुलांकडूनच करून घ्या. उत्तर आलं की मुलं आपोआप छातीवर हात ठेवतात.

रस्सीखेच

वरचा चौथा टप्पा समजला तर पुढचा सगळा लेख समजला. तो समजावायला मी रस्सीखेच वापरते. एका बाजूला कॅल्शियमचा संघ. तो पेशीला 'चालू' ठेवायला ओढतो. दुसऱ्या बाजूला पोटॅशियमचा संघ. तो पेशीला 'आरामात' न्यायला ओढतो. शेवटी पोटॅशियमचा संघ जिंकतो आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी तयार होते.

आता पोटॅशियमच्या संघातली दोन मुलं काढून घेतली तर? खेळ लांबतो. पेशी आरामात यायला उशीर लावते. ईसीजीवर याला क्यूटी अंतर वाढणं म्हणतात. ते फार वाढलं तर पेशी पुरती सावरायच्या आधीच अवेळी ठोका उठू शकतो आणि हृदयाची लय भलत्याच पद्धतीने बिघडू शकते. अशा एका धोकादायक लयीचं वर्णन १९६६ साली देसेर्तेन या फ्रेंच डॉक्टरांनी केलं. ईसीजीची रेघ मधल्या रेषेभोवती पिळ खाल्ल्यासारखी दिसते, म्हणून तिला 'टॉर्साद द पॉइंट' म्हणतात. अशा वेळी माणूस एकाएकी बेशुद्ध पडू शकतो आणि प्राणही जाऊ शकतो.

कॅल्शियम अडवणारी औषधं

१९६० च्या दशकात जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे अल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांनी एक गोष्ट टिपली. व्हेरापामिल नावाचं औषध दिलं की हृदयाचा स्नायू कॅल्शियम काढून घेतल्यासारखा वागतो आणि वरून कॅल्शियम वाढवलं की पुन्हा जोमाने काम करतो. रिंगर यांच्या नळाच्या पाण्याचीच ही पुढची पायरी. यातून 'कॅल्शियमला अडवणारी औषधं' हा गट ओळखला गेला.

आज यात मुख्य तीन घराणी आहेत. अ‍ॅम्लोडिपिन आणि निफेडिपिन एका घराण्यातली. ती मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर काम करतात. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही दुसरी दोन. ती हृदयावरही थेट परिणाम करतात आणि ठोक्यांचा वेग कमी करतात.

मुलांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. ही औषधं शरीरातलं कॅल्शियम काढून घेत नाहीत आणि हाडांतून ओढूनही नेत नाहीत. स्नायूच्या पेशीत शिरायच्या दारातून आत जाणारं कॅल्शियम थोडं कमी करतात, एवढंच.

आता मुख्य प्रश्न : पोटॅशियमचं दार

औषधाच्या रेणूला आपलं नाव माहीत नसतं. 'कॅल्शियम चॅनल ब्लॉकर' हे नाव आपण दिलेलं. रेणू जिथे बसू शकतो तिथे बसतो. पोटॅशियमचं एक दार असं आहे की त्याच्या आतली पोकळी प्रशस्त आहे आणि तिथे पुष्कळ वेगवेगळ्या औषधांचे रेणू अडकू शकतात. या दाराचं नाव 'हर्ग'. वर पाचव्या टप्प्यात पेशीला आरामात आणायचं मोठं काम हेच दार करतं.

(या नावामागची गंमत : या कुळातल्या एका जनुकात बिघाड असलेल्या फळमाश्यांना ईथरची भूल दिली की त्यांचे पाय नाचल्यासारखे थरथरायचे. त्यावरून १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्याला त्या काळच्या एका नाचाचं नाव दिलं. माणसातलं त्याच कुळातलं जनुक १९९४ साली सापडलं, आणि पुढच्याच वर्षी त्यातला बिघाड हा क्यूटी वाढण्याच्या आनुवंशिक आजाराशी जोडला गेला. माशीच्या पायांपासून माणसाच्या हृदयापर्यंत!)

प्रयोगशाळेत पाहिल्यावर असं दिसलं :

व्हेरापामिल हर्गचं दार चांगलंच अडवतं. कॅल्शियमचं दार अडवायला जेवढी मात्रा लागते, जवळपास त्याच सुमाराच्या मात्रेत.

डिल्टियाझेम हर्गला अडवतं, पण बरंच कमी ताकदीने.

निफेडिपिनचा हर्गवर जवळजवळ परिणाम दिसत नाही.

बेप्रिडिल नावाचं आणखी एक औषध आहे. तेही कॅल्शियम अडवणारं, पण हर्गलाही जोरात अडवतं आणि सोडियमच्या दारालाही.

आता कोडं असं. व्हेरापामिल आणि बेप्रिडिल दोन्ही हर्ग अडवतात. मग दोन्ही सारखीच धोकादायक असायला हवीत ना? पण तसं नाही. बेप्रिडिलने क्यूटी वाढतं आणि टॉर्सादचे रुग्ण दिसले. अमेरिकेत ते आता विकलं जात नाही. जपानमध्ये मात्र लय बिघडण्याच्या काही आजारांत डॉक्टर त्याचा जपून उपयोग करतात. व्हेरापामिलने क्यूटी फारसं वाढत नाही आणि टॉर्साद क्वचितच ऐकू येतो.

रस्सीखेच आठवा. व्हेरापामिल पोटॅशियमच्या संघातली दोन मुलं काढतं, पण कॅल्शियमच्या संघातलीही काढतं. दोन्हीकडची ओढ कमी झाली, म्हणून खेळाची वेळ साधारण तेवढीच राहिली. बेप्रिडिलच्या बाबतीत पोटॅशियमची बाजू जास्त दुबळी होते, म्हणून खेळ लांबतो.

हे कोडं सुटल्यामुळे जगभरच्या औषध तपासणीत बदल झाला. १९९० च्या दशकात अ‍ॅलर्जीवरचं टर्फेनॅडिन हे औषध टॉर्सादमुळे बाजारातून काढावं लागलं होतं. त्यानंतर २००५ साली आंतरराष्ट्रीय नियम आले आणि नवीन औषध हर्ग अडवतं का, क्यूटी वाढवतं का, हे तपासणं सुरू झालं. पण नुसत्या हर्गच्या चाचणीवर गेलो असतो तर व्हेरापामिलही नापास झालं असतं. म्हणून २०१३ पासून शास्त्रज्ञ एकट्या हर्गऐवजी सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे अनेक प्रवाह एकत्र मोजून धोका ठरवायची पद्धत बांधत आहेत. त्यासाठी २८ ओळखीची औषधं निवडली. त्यात बेप्रिडिल जास्त धोक्याच्या गटात आहे, तर व्हेरापामिल, डिल्टियाझेम आणि निफेडिपिन कमी धोक्याच्या गटात.

माणसाच्या पेशीवर हे मोजतात कसं?

बायपाससारख्या शस्त्रक्रियेत हृदयाच्या वरच्या कप्प्याचा, म्हणजे कर्णिकेचा, छोटासा तुकडा कधी कधी काढावा लागतो. परवानगी घेऊन त्यातून जिवंत पेशी सुट्या करतात. केसापेक्षाही बारीक टोकाची काचनळी पेशीला चिकटवतात आणि दारांतून वाहणारा प्रवाह मोजतात. या तंत्रासाठी एर्विन नेहेर आणि बेर्ट झाकमान यांना १९९१ चं नोबेल मिळालं.

इथे एक मजेदार अडचण आली. पोटॅशियमचा प्रवाह एकटा बघायचा असेल तर कॅल्शियमचा प्रवाह बंद करावा लागतो. त्यासाठी प्रयोगात निफेडिपिनसारखं औषध घालायचे. पण नंतर कळलं की तिसऱ्या टप्प्यातली जी 'चपळ' पोटॅशियमची दारं आहेत, त्यांचा प्रवाहसुद्धा ही औषधं जास्त मात्रेत कमी करतात. कर्णिकेत खास आढळणारं आणखी एक पोटॅशियमचं दार आहे. त्याच्या मानवी नमुन्यावरही व्हेरापामिल, निफेडिपिन आणि डिल्टियाझेम या तिन्हींचा परिणाम दिसला. म्हणजे ज्या फूटपट्टीने मोजायचं, तीच मोजायच्या वस्तूला ढकलत होती! वर्गात 'निरीक्षणातील चूक' शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

म्हणून एकाच दाराला बसणारी नेमकी किल्ली शास्त्रज्ञांना हवी असते. अशी एक किल्ली आपल्याच मातीतल्या लाल विंचवाकडे मिळाली. त्याच्या विषातून १९९० साली 'आयबेरिओटॉक्सिन' नावाचं छोटं प्रथिन वेगळं केलं गेलं. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत असणारं एक मोठं पोटॅशियम चॅनल ते नेमकं बंद करतं. जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. हाच लाल विंचू चावल्यावर हृदय कसं कोलमडतं आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या वेगळ्या जातीच्या औषधाने जीव कसे वाचतात, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जगाला दाखवलं, हे आपल्याला ठाऊक आहेच.

मात्रा, आणि आपली संत्री

वरच्या वाक्यात 'जास्त मात्रेत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रयोगाच्या बशीत जे दिसतं ते गोळी घेणाऱ्या माणसात तसंच दिसेल असं नाही. रक्तात औषध बरंच कमी असतं आणि त्यातलंही पुष्कळसं रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं. अ‍ॅम्लोडिपिनच्या नेहमीच्या मात्रेत क्यूटीवर लक्षात घेण्याजोगा परिणाम होत नाही.

पण रक्तातली मात्रा काही कारणांनी वाढू शकते. ग्रेपफ्रूट हे फळ आतड्यातलं औषध मोडणारं एक विकर बंद पाडतं. त्यामुळे फेलोडिपिन, निफेडिपिन, व्हेरापामिल यांसारखी औषधं रक्तात वाढतात. आपल्याकडचं पपनस त्याचंच भावकीतलं. मोर्शी-वरूडच्या पट्ट्यात लगेच प्रश्न येतो : मग संत्र्याचं काय? आपल्या नागपुरी संत्र्याने किंवा मोसंबीने असा त्रास सहसा होत नाही. बिनधास्त खा. पपनस किंवा ग्रेपफ्रूट रोज खात असाल तर डॉक्टरांना विचारा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिकही ही मात्रा वाढवतात.

घरात काय लक्षात ठेवायचं?

१. असं काही वाचून गोळी मनाने बंद करू नका. अनियंत्रित बीपीमुळे लकवा, हृदयविकार, किडनीचे आजार होतात. तो धोका खरा आणि रोजचा आहे. पाय सुजत असतील तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतात.

२. 'बीपीची गोळी' ही एकच गोळी नसते. शेजारच्या काकांची गोळी आपल्या बाबांना देऊ नका. व्हेरापामिल आणि ठोके कमी करणाऱ्या काही गोळ्या एकत्र आल्या तर नाडी धोकादायक मंद होऊ शकते.

३. दुसऱ्या दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. नाव आठवत नाही म्हणून सोडून देऊ नका.

४. जुलाब-उलट्यांत पोटॅशियम कमी होतं. पोटॅशियम कमी झालं की हर्गचं दार आणखी सुस्तावतं आणि क्यूटी वाढायचा धोका वाढतो. अशा वेळी ओआरएस द्या आणि औषधं चालू असतील तर दवाखाना गाठा. पण किडनीचा आजार असेल तर स्वतःहून पोटॅशियम वाढवू नका, जास्त झालेलंही तितकंच घातक असतं.

५. एकाएकी चक्कर, बेशुद्धी किंवा विचित्र धडधड झाली तर थांबू नका. ईसीजी काढून घ्या.

वर्गासाठी कृती : हृदयाची रस्सीखेच

इयत्ता : सहावी ते आठवी. साहित्य : एक दोर, खडू, घड्याळ.

मैदानावर मधली रेघ आखा. पाच मुलं कॅल्शियमची, सहा मुलं पोटॅशियमची. पोटॅशियमचा संघ दोर आपल्याकडे ओढून घेईपर्यंत किती सेकंद लागतात ते लिहा. मग पोटॅशियमचं एक मूल काढा (बेप्रिडिल) आणि पुन्हा वेळ घ्या. मग दोन्हीकडचं एक-एक मूल काढा (व्हेरापामिल) आणि वेळ घ्या. तीन वेळांचा तक्ता फळ्यावर काढा. प्रत्येक फेरी तीनदा करून सरासरी घेतली तर गणितही होतं.

शेवटी मुलांना विचारा : "एकट्या पोटॅशियमच्या संघाकडे पाहून व्हेरापामिल धोकादायक आहे असं म्हटलं असतं, तर ते बरोबर ठरलं असतं का?" यावर मुलांना आपसात बोलू द्या. हा खेळ फक्त नमुना आहे, खऱ्या पेशीत संघ दोनपेक्षा जास्त असतात, हेही त्यांना सांगा.

आमच्या रिद्धपुरात सातशे वर्षांपूर्वी म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' मराठीत लिहिलं. आज गोळीच्या पाकिटावरचा मजकूर मात्र आजी-आजोबांना वाचता येत नाही. तो त्यांना आपल्या बोलीत समजावून सांगणं हे आपल्या वर्गातली सातवी-आठवीची मुलं करू शकतात. या आठवड्यात मुलांना एक गृहपाठ द्या : घरातल्या मोठ्यांच्या गोळ्यांची नावं आणि वेळा एका वहीच्या पानावर मराठीत लिहायच्या आणि ते पान पाकिटांसोबत ठेवायचं. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ते पान सोबत न्यायला सांगा.